न नांगरायचा माळ

माझ्या बायकोच्या मामांना जमिनीवरून नुसतं चालता येत नाही, ते जमीन मोजतात. त्यांच्या पावलांखालून गेला नाही असा एक बांध अख्ख्या पारनेर तालुक्यात सापडायचा नाही. सरकारी मोजणी खात्यात उभी नोकरी झाली. निवृत्त होताना मोजणीची साखळी ऑफिसात जमा केली, पण पायांची सवय जमा करायची राहून गेली. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत मांडव पावलांनी मोजून होतो आणि मुलीच्या बापाला निरोप जातो, "उत्तरंचा खांब दीड फूट आत आलाय." नगरला आमच्या फ्लॅटची वास्तुशांत होती, तर पूजेला बसलेल्या मला उठवून त्यांनी टेपचं एक टोक हातात दिलं. "हॉलमधी नऊ इंच कमी हाय, जावईबापू." तोवर तो हॉल मला चांगला ऐसपैस वाटत होता.

या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या वाटण्या करून दिल्या, आणि स्वतःसाठी सुप्याजवळ अकरा एकर माळ घेतला. त्यात ना विहीर, ना कुंपण, ना नांगराचा फाळ. नुसतं गवत, दगड आणि बोरीची खुरटी झुडपं. सातबाऱ्यावर त्यातला बराचसा पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक. रस्त्यापलीकडे कारखाने वाढत गेले तशा पांढऱ्या गाड्या माळाकडे वळू लागल्या. मामा गाडीतल्या साहेबाला उन्हातान्हात सगळा माळ हिंडवत, चंडोलाचं घरटं लांबूनच दाखवत आणि वाटेला लावत. एकाने वैतागून विचारलं, "इथं पिकतं काय?"

"गवत."

"आणि त्याचं तुम्ही करता काय?"

"बगतो."

पण मामांना एका प्रश्नाने पछाडलं होतं. "मी हाय तवर हाय. माझ्यामागं कुनी हात लावू न्हाई, कधीच, असा कागद कुठं मिळतो?" हा प्रश्न घेऊन ते दोन हिवाळे माझ्या स्कूटरवर मागे बसून हिंडले. सुरुवातीला मला ही म्हातारपणाची लहर वाटली. मग माझंही कुतूहल चाळवलं. जमीन विकायचे, गहाण टाकायचे, वाटायचे कागद मला ठाऊक होते. जमीन नुसती आहे तशी राहू द्यायचा कागद मी कधी पाहिला नव्हता.

पारनेरच्या वकिलांनी मृत्युपत्र सुचवलं. मामांनी विचारलं, "त्यात 'विकू नको' अशी अट घातली तर?" वकील हसले. "घाला की. पण मालकी दिली की दिली. अशी अट टिकत नाही." वन खात्यातले साहेब फार भले निघाले. मामांनी वहीत लिहून नेलेल्या एकवीस प्रश्नांना त्यांनी दोन वेळा चहा पाजून उत्तरं दिली. सरकारला बक्षीसपत्र करून देता येईल, किंवा मालकी ठेवून राखीव क्षेत्रासाठी स्वतःहून अर्ज करता येईल, असं त्यांनी नीट समजावलं. सगळं जुळत आलं होतं, पण शेवटी साहेब कौतुकाने म्हणाले, "मग आपण तिथं मस्त झाडं लावू!" मामांनी वही मिटली. बाहेर येऊन मला म्हणाले, "गवताला काय धाड भरलीय? माळावर माळच पायजे." गावातल्या जाणत्यांचा सल्ला सोपा होता, जमीन देवाला सोडा, कोण हात लावतोय! त्यावर मामा म्हणाले, "देव बसला की सभामंडप येतो. सभामंडप आला की गाड्या लावायला जागा लागती."

एकदा परतताना चहाच्या टपरीवर मी विचारलं, हे सगळं कशासाठी? त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "नोकरीत असताना असाच एक माळ मोजायला गेलो हुतो. बिळाच्या तोंडाशी खोकडाची चार पिल्लं खेळत हुती. मी पोटखराबा लिवलं आन् सही केली. पुढच्या साली गेलो तर तिथं पत्र्याची शेड. कागद बरोबर हुता. पर सही माझी हुती."

अखेर मार्ग सापडला सार्वजनिक ट्रस्टचा. माळ ट्रस्टच्या नावावर करायचा, उद्देशात 'गवताळ माळ आहे तसा राखणे' असं लिहायचं. मग धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विक्री नाही. ट्रस्ट काही शेतकरी नव्हे, म्हणून कलेक्टरांचीही परवानगी लागली, त्यात वर्ष गेलं. आणि नेमका तेव्हा मामांचा मुलगा त्यांच्याशी बोलायचा थांबला. तो सुप्यातल्याच एका कारखान्यात सुपरवायझर. स्वतःचं वर्कशॉप काढायचं त्याच्या मनात होतं. घर आणि विहिरीखालचं रान बापाने त्याला आधीच दिलं होतं, तरी हा माळ जाणार हे त्याला लागलं, असं आम्ही धरून चाललो.

एका रविवारी तो माळावर आला. मी तिथंच होतो.

"आण्णा, वकिलाला इचारलं, साहेबाला इचारलं, समद्या गावाला इचारलं," तो म्हणाला. "मला इचारलं व्हय?"

एरवी कुणालाही हद्द समजावून देणारा माणूस पायाशी बघत राहिला. "तू न्हाई म्हनशील, असं वाटलं," ते शेवटी म्हणाले.

"म्हनलो असतो. चार दिस भांडलो असतो. मग हो म्हनलो असतो."

मामा दोन पावलं त्याच्याकडे सरकले. मग मामांनी अगदी हळू विचारलं, "मग आता... इचारू का?"

माळ ट्रस्टच्या नावावर करताना विश्वस्त म्हणून पहिली सही त्या मुलाची पडली.

पुढे नवा सातबारा आला. मामांच्या नावाला कंस पडला होता. म्हणजे हा माणूस आता इथला मालक नाही. तो कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी स्वयंपाकघरातून मामींनी दोनदा हाक मारली तरी जेवायला उठले नाहीत.

परवा संध्याकाळी आम्ही माळावर गेलो. गवत पिवळं पडलं होतं, कुठूनसा चंडोल वर चढत गात होता. मामा बांधाशी थांबले आणि त्यांनी मोबाईल काढला. "आत जाऊ का रे?" पलीकडून मुलगा हसल्याचं मलाही ऐकू आलं. "जावा की आण्णा. तुमचंच हाय."

"न्हाई रे," मामा म्हणाले, "आता कुनाचंच न्हाई." फोन ठेवून त्यांनी चपला बांधावर काढल्या आणि सावकाश आत शिरले. त्या संध्याकाळी त्यांची पावलं लहानमोठी पडत होती. मी मागून चालत होतो. ती मोजायचं माझ्याही मनात आलं नाही.