मापसाहेबांचं नाण्यांचं कपाट

मापसाहेबांनी बत्तीस वर्षं वजनमाप खात्यात काढली. ते दारात दिसले की भल्याभल्या दुकानदारांना घाम फुटायचा. निवृत्त झाले, पण खोड काही गेली नाही. हल्ली ते फर्निचरच्या दुकानात शिरत, दिसेल तो खण ओढत, त्यात चक्क डोकं खुपसत आणि लांब श्वास घेत.

"काका, काही पडलं का आत?" एका विक्रेत्याने घाबरून विचारलं.

"वास बघतोय."

"अहो, नवं कपाट आहे, नव्याचाच वास येणार!"

"तेच तर दुखणं आहे!" साहेब खणातूनच ओरडले.

दुखणं खरंच होतं. चाळीस वर्षं जमवलेली नाणी त्यांनी मोठ्या हौसेने नव्या प्लायवुडच्या कपाटात मांडली होती. वर्षभरात तांब्याच्या नाण्यांवर हिरवी पुटं चढली. प्लायमधल्या गोंदाची वाफ आणि वरचं वॉर्निश, दोन्ही बंद खणात कोंडून नाण्यांना खात होती. नऊ नाणी गेली. उरलेली साहेबांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबली. आधी रोज संध्याकाळी खण उघडून तासभर बघत बसायचे, आता नुसता खडखडाट ऐकायचा. मांडून बघताच येत नसतील तर जमवली कशाला, डोंबल!

शेवटी एका म्हाताऱ्या सुताराला त्यांची दया आली. "साहेब, जुनं महोगनी शोधा. पन्नासएक वर्षं वारा खाल्लेलं, आतून पॉलिश न लावलेलं. पण असं कपाट आता मिळतंय कुठं?"

कुठं, ते साहेबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांचं डोकं फिरलं.

तसल्याच जुन्या लाकडाचं कपाट त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं, मुलाच्या नाण्यांसाठीच. वडील गेल्यावर थोरल्या बहिणीने ते पुढे केलं, तर या शहाण्याने खिशातून टेप काढून ते मोजलं. "पाव इंच तिरकं आहे. जळणात घाल," म्हणाले. कपाट ताईने आपल्या घरी नेलं, आणि तेव्हापासून अकरा वर्षं दोघांचं बोलणं बंद.

पंधरा दिवस साहेब घरात धुसफुसत राहिले, सगळ्यांवर खेकसले आणि मग एका सकाळी ताईच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आलास?" ताई म्हणाली.

"कपाट बघायला आलोय." माफी मागायचं घरून ठरवून निघाले होते, पण तोंडातून निघालं हे.

ताईने मागच्या खोलीत नेलं. कपाटावर धुळीचा कण नव्हता. "बाराही खण रिकामे आहेत बघ. एकात रुमालसुद्धा ठेवला नाही. म्हटलं, येईल कधीतरी याला अक्कल."

साहेबांनी पहिला खण ओढला, डोकं आत घातलं, श्वास घेतला आणि जागीच थिजले.

"कीड लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवल्यात हो," ताई कौतुकाने सांगत होती. "दर सहा महिन्यांनी बदलते. एकदाही चुकले नाही."

अकरा वर्षं! लाकडाच्या कणाकणात तो वास मुरला होता. नाण्यांना त्याच्याइतका वाईट शेजारी शोधूनही सापडला नसता. अगं बाई, सत्यानाश केलास! साहेबांच्या अगदी जिभेवर आलं होतं. डोकं खणात होतं म्हणून बरं, चेहरा तरी दिसला नाही.

"कसं आहे रे?" ताईने विचारलं.

बत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला खोटं माप लिहून दिलं नव्हतं.

"सरळ आहे," साहेब म्हणाले. "अगदी सरळ आहे, ताई."

कपाट घरी आलं. त्यात आता साहेबांचे सदरे असतात आणि ते घातले की शेजारी बसणारा नाक मुरडतो. नाणी डब्यातच आहेत. पण ताई महिन्यातून एकदा येते. त्या दिवशी साहेब सकाळपासून चडफडत सदरे बाहेर फेकतात, खणांत कागद अंथरतात आणि एकेक नाणं कडेने धरून मांडतात. ती गेली की लगेच सगळी परत डब्यात.

तेवढा तासभर दोघं भावंडं खण ओढून बघत बसतात. साहेबांना त्यांची नाणी मांडलेली दिसतात ती तेवढीच.