फिटरमामांचे बारा सेन्सर

फिटरमामा कानाने गळती शोधत. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीत पाइपवर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि डोळे मिटायचे. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवून थकत, पण मामा हलत नसत. मग उठून दोन पावलं चालत आणि म्हणत, "हितं खंदा." पाइप तिथंच फुटलेला निघे.

जालना जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात मी लिपिक होते. मामा वडीगोद्रीकडचे, निवृत्तीला आलेले. एका कंपनीने पाइपलाइनवर प्रायोगिक तत्त्वावर बारा सेन्सर बसवले, तेव्हा आम्हाला वाटलं, आता मामा चिडणार. पाण्यातलं क्लोरीन कमी झालं की फोनवर संदेश येणार होता. पण सगळ्यांत खूश मामाच होते. "ताई, माझा कान माझ्यासंगं रिटायर होईल," ते मला म्हणाले. "हे यंत्र ऱ्हाईल. फकस्त त्याला कोणीतरी वाली पाहिजे."

एका दुपारी नाल्याकाठच्या गल्लीतून संदेश आला: क्लोरीन शून्य. मामा डबा अर्धा टाकून सायकलवर निघाले. व्हॉल्व्ह बंद केला आणि खड्डा खोदायला लावला. फुटलेल्या पाइपात गटाराचं पाणी शिरत होतं. रिक्षावर भोंगा लावून गल्लीत सांगितलं, पाणी पिऊ नका. त्या वेळी एकही माणूस आजारी पडला नाही. पेपरात आमच्या साहेबांचा फोटो छापून आला. मामा त्या वेळी खड्ड्यात होते, त्यामुळे फोटोत नव्हते.

वर्ष संपलं आणि कंपनीची माणसं गेली. सेन्सरमधली सिमकार्डं बंद पडली. शेवाळ बसू नये म्हणून दर मंगळवारी मामा जुना टूथब्रश घेऊन स्वतःच ते बारा सेन्सर धुऊन येत. ते काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडून ते अर्ज टाइप करून घ्यायचे. मागणी तीन ओळींची असायची: यंत्र कोण धुणार, संदेश कोणाला येणार, व्हॉल्व्ह कोण बंद करणार. "तीन नावं लिहा अन् सही करा. दुसरं काय मागून राह्यलो मी?"

साहेब हसायचे. "मामा, पायलट प्रोजेक्ट संपला ना. आता नवीन प्रस्ताव येतोय, कॅमेऱ्यांचा." मामांचा सातवा अर्ज परत आला, त्यावर शेरा होता: 'प्रयोग यशस्वी. नस्ती बंद करावी.' तो शेरा वाचून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तरी मी त्या अर्जांच्या नस्तीला दोरी बांधली आणि ती कपाटात ठेवली. तेही सांगायला हवं.

पुढे त्याच गल्लीत कावीळ पसरली. घरटी एक माणूस अंथरुणाला खिळलं. शिवणकाम करणारी एक सून सात महिन्यांची गरोदर होती. तिला जालन्याला नेलं, पण ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी मामा गल्लीतला सेन्सर काढून घेऊन आले. कंपनीच्या माणसाकडून शिकून घेतल्याप्रमाणे त्यांनी तो माझ्या संगणकाला जोडला. बाहेर संदेश जात नव्हते, पण आत नोंदी होत होत्या. कावीळ पसरण्याआधी सलग नऊ दिवस, क्लोरीन शून्य.

मामांनी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. "ह्याला नऊ दिवस ठाव होतं, साहेब. कोणाला सांगावं, तेवढं तुम्ही लिहून देलं न्हाई."

साहेबांनी चौकशी लावली, ती मामांचीच. परवानगीशिवाय शासकीय वस्तू काढल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस. तीही मीच टाइप केली. मामांनी खुलाशात एकच ओळ लिहिली: 'वस्तू बोलत होती, म्हणून आणली.' महिनाभराने ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला आले नाहीत. त्यांची शाल कार्यालयातच पडून राहिली.

साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांच्यासमोर मी ती नस्ती उघडली. त्यांनी वाचली, सिमकार्डं पुन्हा चालू करायला लावली आणि आदेश काढायला सांगितलं. धुणारा आणि व्हॉल्व्ह बंद करणारा, दोघांची नावं त्यांनी दिली. संदेश घेणाऱ्याच्या जागी मी माझं नाव घातलं. सही झाली आणि मी लगेच मामांना फोन लावला.

"बराबर वाचून दाखवा," ते म्हणाले. मी वाचत गेले. शेवटच्या ओळीशी अडखळले. साहेबांनी सही करताना हाताने जोडलं होतं: 'प्रायोगिक तत्त्वावर, सहा महिन्यांकरिता.'

मग मामा म्हणाले, "मंग सहा महिन्यांनी त्या गल्लीतली माणसं पाणी प्यायचं बंद करणार का, ताई?"

मी फोन ठेवला, आदेश उचलला आणि परत साहेबांच्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांसमोर, न विचारता खुर्ची ओढून बसले. ती ओळ खोडून तिथे त्यांची सही होईपर्यंत उठले नाही.