ग्यानोबाआबांची हातोडी

"आधी वाजवून बघा." माठ असो की टरबूज, ग्यानोबाआबांचं बोलणं इथूनच सुरू व्हायचं.

आबा उमरीजवळच्या आमच्या गावचे, पण उभी हयात मुंबईत गेली, जहाजं बांधायच्या गोदीत. गोदीच्या भिंतीला लागून वस्ती होती. बाहत्तरच्या दुष्काळात आपल्याकडची माणसं तिकडं गेली आणि गोदीतल्या टाकाऊ फळ्या-पत्र्यांवर त्यांनी ती उभी केली. घणांच्या आवाजात तिथली लेकरं बिनघोर झोपायची. सुट्टीच्या दिवशी मात्र दचकून उठायची. आबांचं काम सांधे तपासायचं. हातोडी मारायची, नाद ऐकायचा. त्या नादानंच त्यांचे कान गेले. पुढं जहाजं दुसरीकडं बांधली जाऊ लागली, गोदीचा भोंगा बंद झाला, आणि गेल्या साली वस्तीही पाडली. आबा हातोडी घेऊन परतले.

परवा गोदावरीच्या काठावर वेल्डिंगवाल्या सत्यमनं लोखंडी नाव जोडली. सोमवारपासून तिच्यातून लेकरं पलीकडच्या शाळेत जाणार होती. आबांची नात बुद्धप्रियाही.

ओंडक्यांवर टेकवलेली नाव आबा वाजवू लागले.

"आबा, जेवायला हाक मारली तर तुमाला ऐकू येत न्हाई," सत्यम हसला. "आन् लोखंडाचं येतं?"

आबांनी ते त्याच्या ओठांवरून ओळखलं. "हाताला येतं."

एका हातानं ठोका, दुसरा तळवा पत्र्यावर. बुडाशी ते थांबले. "हितं मुकं हाय. बाकी समदं बोलतंय."

"तिथं तर डबल वेल्डिंग मारलंय, आबा."

"मग चुना आण. आन् रॉकेल."

"रॉकेल कुठं मिळतंय आता? डिझेल हाय."

"चालंल."

गोदीतली रीतच ती. सगळ्या सांध्यांना बाहेरून चुना फासायचा, आतून तेल. फट असली की पांढऱ्यावर डाग उतरतो.

दोघं सावलीला बसले. दुपार कलली. मुकी म्हटलेली जागा कोरीच राहिली. डाग उतरला तो वीतभर अलीकडं, आबांनी 'बोलतंय' म्हणून सोडलेल्या सांध्यावर.

सत्यमचं हसू गेलं. "पाणी भरलं असतं, आबा."

"भरलं असतं. माझ्याच हातानं पास केली असती." आबा तळव्याकडं बघत राहिले. "हातबी गेला म्हणायचा."

त्यांनी हातोडी सत्यमपुढं ठेवली. "पुन्हा जोड. पण नुसतं वाजवून थांबू नको. चुना लाव."

बांधानं ते सावकाश गावाकडं निघाले. सत्यमनं मागून हाक मारली. ती त्यांना ऐकू गेली नाही. चुन्यानं पांढरे झालेले हात तसेच धरून तो वळणापर्यंत त्यांना बघत राहिला.