रांगोळीपलीकडचं वजन

डॉक्टरांनी एमआरआयची काळी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, पेनाच्या टोकाने एका जागी टकटक केलं आणि विचारलं, "काय उचललं होतं?"

"वजन," मी म्हणालो.

"ते कळलं हो. कसलं वजन?"

"वजनच. लोखंडाचं. पूजेचं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. हिरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. मग डॉक्टर म्हणाले, "एल फोर-एल फाइव्ह डिस्क प्रोलॅप्स." आपल्या भाषेत स्लिप डिस्क. कमरेच्या मणक्यांमध्ये गादीसारख्या चकत्या असतात. माझी खालून दुसरी चकती मागे सरकून पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाबत होती. म्हणूनच चकती बिघडली कमरेत आणि कळ मात्र जात होती थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. या कळीला सायटिका म्हणतात.

"ऑपरेशनची घाई नको, सहा आठवडे बघू," डॉक्टर म्हणाले. "पाऊल लुळं पडायला लागलं किंवा लघवीचं भान गेलं तर मात्र त्याच दिवशी या. आणि यापुढे वजन उचलायचं नाही."

बाकी सगळं मी ऐकलं आणि विसरलो. 'यापुढे' तेवढं कानात राहिलं.

तुमच्यापैकी कुणाच्या कमरेतून आज अशीच कळ जात असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय. आधी घडलं काय ते सांगतो, कारण इतकी शहाणपणाची दुखापत फार कमी लोकांना होते.

आम्ही भिवंडीजवळच्या वळ गावचे. आजोबांचा भाताचा व्यापार होता. आता शेताच्या जागी आमची दोन गोदामं आहेत, पण आजोबांच्या तराजूचं एक मणाचं वजन अजून जपून ठेवलंय. सदतीस-अडतीस किलोचा लोखंडी ठोकळा, वर कडी. दर दसऱ्याला ते धुऊन गोदामात पाटावर ठेवायचं आणि त्याची पूजा करायची. ते पाटावर ठेवायचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा. आजोबांनी ठेवलं, बाबांनी ठेवलं, बाबांनंतर मी. ज्या वर्षी जमणार नाही, त्या वर्षी मान पुढच्याकडे. माझा मुलगा नीलेश तेव्हा वीस वर्षांचा होता आणि मी सेहेचाळीस. मान सोडायचं हे काही वय नव्हे.

त्या दसऱ्याला हिराने पाटाभोवती चांगली दोन हात रुंद रांगोळी काढली. पहाटेपासून बसली होती. आता मी वजन घेऊन पाटापर्यंत जाणार कसा? रांगोळीवर पाय द्यायची माझी छाती नव्हती. म्हणून मी काय केलं, तर रांगोळीच्या कडेला उभा राहिलो, उजव्या बाजूचं वजन तसंच वाकून उचललं, गुडघे ताठ ठेवले, कंबर वळवली आणि दोन्ही हात लांब करून रांगोळीवरून पलीकडे पाटावर अलगद ठेवलं.

रांगोळीचा एक कण हलला नाही. माझी चकती हलली.

मी तसाच वाकलेला राहिलो. सरळ होताच येईना, तोंडातून आवाज फुटेना. जमलेल्या पाहुण्यांना वाटलं, हा नमस्कार करतोय. त्यांनीही हात जोडले. बराच वेळ सगळं गोदाम भक्तिभावाने उभं होतं. शेवटी आई म्हणाली, "आरं, किती येल नमस्कार करशील? उठ आता!"

मला चौघांनी उचलून घरी नेलं, तेही वाकलेलाच.

पुढचे तीन दिवस गावठी उपचार झाले. पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाचा, पाय लागला की उसण जाते असं आमच्याकडे मानतात. आईने शेजारच्या बेबीआत्याला बोलावलं. बेबीआत्या पायाळू खरी, पण वजनाने माझ्या दीडपट. तिने देवाचं नाव घेऊन कमरेवर हळूच लाथ मारली. तिच्या मते हळूच. मी असा ओरडलो की ती स्वतःच दचकून खाली बसली. कृपा करून हा प्रयोग करू नका. त्यानंतरच मी कल्याणला जाऊन एमआरआय काढायला तयार झालो, एवढा तिचा उपकार.

दिवाळी झोपून गेली. गोळ्या, शेक आणि भेटायला येणारे. प्रत्येकाच्या ओळखीत एक माणूस ऑपरेशन करून बिघडलेला आणि एक न करता बिघडलेला. मी छताकडे बघत फराळ खायला शिकलो. पण आतून घाबरलो होतो. नीलेश पाणी आणून द्यायचा आणि मला उठताना हात द्यायचा. तो हात धरताना मला दर वेळी वाटायचं, झालं, आता आपण बसून राहणारा माणूस झालो.

कळ थोडी उतरल्यावर डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. भिवंडीत पॉवरलूमच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, नाझनीन मॅडमचं क्लिनिक होतं. मॅडम तिशीच्याही नव्हत्या. बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी. खालून लूमची खटखट अखंड यायची. पहिले दोन दिवस त्यांनी शॉर्ट वेव्ह डायथर्मी दिली. म्हणजे विजेच्या यंत्राने आतपर्यंत पोचणारा शेक. मला तो फार आवडला, कारण त्यात मला काहीच करायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भारनियमन. लाईट गेली, लूम एकदम गप्प झाले, यंत्र बंद.

मॅडम म्हणाल्या, "मशीन बंद हो गई, काका. अब आप चालू हो जाओ."

त्या वर्षी आम्ही सगळे वीज कंपनीला यथेच्छ शिव्या घालत होतो. मी माझा वाटा परत घेतो.

पहिले व्यायाम अगदी साधे वाटायचे. उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि बूड उचलायचं, याला ब्रिज म्हणतात. पालथं होऊन कोपरं आणि पायाची बोटं यांवर शरीर फळीसारखं धरायचं, हा प्लँक. कमरेला खाली झोळ पडू द्यायचा नाही आणि बूड वर तंबूसारखं काढायचं नाही. मी दहा आकडेही टिकत नसे. आकडे हिरा मोजायची. ती सातनंतर पुन्हा सात म्हणायची आणि वर मलाच विचारायची, "ध्यान कुठं हाय तुमचं?"

मग आला बांबू. जळमटं काढायच्या झाडूचा. मॅडमनी तो माझ्या पाठीला उभा लावला आणि सांगितलं, "डोकं, पाठ, माकडहाड. तीन जागी टेकला पाहिजे. वाकताना एक भी जगह छूटनी नहीं चाहिए."

मी वाकलो. बांबू तिन्हीकडून सुटला.

"कमर से नहीं झुकना, काका. खुब्यातून. बूड मागे न्या."

हे काही केल्या जमेना. शेवटी मॅडमनी विचारलं, "दोन्ही हातात सामान असलं की टेम्पोचं दार कशाने लोटता?" मी बुडाने लोटून दाखवलं. "बस, यही!" त्या ओरडल्या. गुडघे किंचित वाकलेले, बूड मागे, पाठ सरळ. बांबू तिन्ही जागी टेकलेला. याला हिप हिंज म्हणतात आणि सगळी मेख यात आहे. मी इतका खूश झालो की त्या दिवशी घरात भेटेल त्याला दार नसताना दार लोटून दाखवलं.

दोन महिन्यांनी स्क्वॉट. मागे स्टूल ठेवायचं, त्यावर बसायला जायचं आणि बूड टेकताच उठायचं. टाचा जमिनीला चिकटलेल्या, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. माझे गुडघे एकमेकांना भेटायला आत यायचे. त्यानंतर डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवर पडलेलं वजन उचलणं. नाव ऐकून हिरा म्हणाली, "आजारी मान्साला असली नावा कशाला सांगता?" सुरुवात रिकाम्या तेलाच्या डब्याने झाली. मग डब्यात दोन लिटर पाणी, मग पाच, मग दहा.

मॅडमचे नियम मी आजही डब्यापाशी उभा राहून मनात म्हणतो. वजनाच्या अगदी जवळ जा, नडग्यांना लागेल इतकं. बूड मागे, छाती वर. श्वास घ्या, खोकताना पोट जसं घट्ट होतं तसं घट्ट करा. हाताने खेचू नका, पायांनी जमीन दाबा. हिसका देऊ नका. ठेवतानाही त्याच वाटेने खाली जा.

या यादीतला एकेक नियम मी दसऱ्याला मोडला होता. एकही सोडला नव्हता.

मध्ये एकदा घसरलो. चौथ्या महिन्यात बरं वाटायला लागल्यावर गोदामात मी एक खोका उचलला, अगदी पुस्तकी, आणि पाय तिथेच ठेवून कमरेतून ट्रककडे वळलो. दोन दिवस पुन्हा अंथरूण. मॅडम रागावतील म्हणून मी मान खाली घालून गेलो. त्या एवढंच म्हणाल्या, "घूमना है तो पैर घुमाओ," आणि मला रिकाम्या हातांनी खोलीभर पावलं टाकत वळायला लावलं. नाच शिकल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात गोदामात खुर्चीवर बसलो असताना काळूराम दिसला. काळूराम आमचा जुना हमाल, आतल्या बाजूच्या एका गावातला, वीस वर्षं आमच्याकडे माल उचलतोय. तो गठ्ठ्यापाशी गेला, बूड मागे नेऊन बसता झाला, गठ्ठा पोटाशी घेतला, उठला आणि पावलं टाकत वळला. पाठीला बांबू लावला असता तर तिन्ही जागी टेकला असता. वीस वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी फक्त गठ्ठे मोजत होतो.

"काळूराम, हे तुला कोणी शिकवलं?"

"शिकवतंय कोन, शेठ? दुसऱ्या दिशी पन कामाला यायचा असतं ना."

मला हसू आलं आणि जरा शरमही वाटली. गोदामातल्या नव्या पोरांना उचलायचं शिकवायला मी काळूरामला सांगितलं. पहिला विद्यार्थी मीच झालो.

पावसाळा सरता सरता मी तीस किलो उचलत होतो. पाय बधिर होत नव्हता, झोप सलग लागत होती आणि पँट कमरेत सैल झाली होती. दसऱ्याच्या आधी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्ट्रेट लेग रेज टेस्ट केली. उताणं झोपवून सरळ पाय वर उचलतात, नस दबली असेल तर कळ येते. पहिल्या वेळी मी वीतभर पाय वर जाताच किंचाळलो होतो. आता पाय जवळजवळ उभा झाला आणि मी पंख्याकडे बघत शीळ घालत होतो. मग त्यांनी टाचांवर चालवलं. चाललो.

"डॉक्टर, ते 'यापुढे वजन उचलायचं नाही' तेवढं परत घ्या."

ते हसले. "घेतलं. 'तसं उचलायचं नाही' एवढं ठेवा."

नाझनीन मॅडमसमोर मी पूर्ण मणाएवढं वजन तीनदा उचललं आणि ठेवलं, हिरा शेजारी उभी राहून मोजत होती. त्यांनी टाळी वाजवली. मग म्हणाल्या, "पण काका, ठेवताना पाटाच्या एकदम जवळ उभं राहायचं. हात लांब केला तर सगळं पाण्यात."

तिथेच गाडी अडली. जवळ उभं राहायचं म्हणजे रांगोळीवर पाय. हिरा त्या रांगोळीसाठी महिनाभर आधीपासून रंग जमवते. वर्षभर तिने माझे आकडे मोजले, पायात चपला घातल्या, बेबीआत्याला परत येऊ दिलं नाही. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू, की यंदा रांगोळी लहान काढ?

नाही सांगितलं. आदल्या दिवशी संध्याकाळी नीलेशला म्हणालो, "उद्या वजन तू ठेव." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मला वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. अंथरुणातले ते दोन दिवस सोडले तर अकरा महिन्यांत पहिल्यांदाच प्लँक न करता झोपलो.

सकाळी अंघोळ करून आलो तर चपला सापडेनात. घरभर शोधल्या आणि अनवाणीच गोदामात गेलो.

रांगोळी गेल्या वर्षीपेक्षा मोठी होती. पण मधून एक हातभर रुंद वाट कोरी सोडलेली, थेट पाटापर्यंत. वाटेच्या टोकाला, पाटाला लागून, दोन पावलांची जागा कोरी. टाचांमध्ये बरोबर मॅडमनी शिकवलेलं अंतर, बोटं किंचित बाहेरच्या बाजूला. त्या दोन पावलांभोवती तिने लाल ठिपके काढले होते. माझ्या चपला बाजूलाच पडल्या होत्या, कडांना पांढरी रांगोळी लागलेली. मापाला नेल्या होत्या.

मी हिराकडे पाहिलं. ती समईची वात सारखी करत होती.

"अवो, बघताय काय?" ती म्हणाली. "पाठ सरल ठेवा म्हंजे झाला."

नीलेश आपणहून मागे सरला.

मी वजनाजवळ गेलो. नडग्या टेकवल्या. बूड मागे, छाती वर, श्वास, पोट. जमीन दाबली. वजन उठलं. पाय वळवले आणि त्या कोऱ्या वाटेने गेलो. दोन पावलं दोन पावलांत बसली. बूड मागे नेत खाली गेलो आणि आजोबांचं वजन पाटावर टेकलं.

सगळे बघत होते, हा वर येतो की नाही.

मी आलो. अगदी सरळ उभा राहिलो. आई "आला रं माझा बाला!" म्हणून ओरडली, काळूरामने शिट्टी मारली आणि हिराने डोळ्याला पदर लावला. या तिघांचे आणि लूमच्या गल्लीतल्या त्या पोरीचे आभार कसे मानायचे ते मला तेव्हाही सुचलं नाही.

मग मी हात जोडले, खुब्यातून वाकलो आणि बराच वेळ तसाच राहिलो. या वेळी नमस्कारच होता.