बर्फाची पेटी आणि अकराची परीक्षा

पडदा वर जातो. वेसाव्याचा मासळी बाजार, जानेवारीतला रविवार, सकाळचे दहा. छपराच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या खाली उतरलेल्या, इतक्या नेमक्या जागी की आमच्या नाटक कंपनीच्या प्रकाशयोजनाकाराला हेवा वाटावा. मध्यभागी पाटावर अंजनाबाई, अंबाड्यात अबोलीची वेणी, हातात कोयता. समोर कापडी पिशवी धरून मी, हलव्याच्या भावावरून हुज्जत घालते आहे. आणि डावीकडून धावत येते अंजनाबाईची नात हर्षाली. केस अर्धे विंचरलेले, हातात नुसता चार्जर.

"आजी, माझा लॅपटॉप कुठाय?"

इथे मी प्रवेश क्षणभर थांबवते, कारण ही मुलगी कोण ते तुम्हाला माहीत नाही.

हर्षाली सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. आई लहानपणीच गेली. बाप दशरथ बोटीवर तांडेल. आठ-आठ दिवस समुद्रात, घरी आला की झोपेत. पोरीला वाढवलं आजीने. तीस वर्षं माझ्या दारात मासळी आणणाऱ्या अंजनाबाईच्या मागे फ्रॉकचा घोळ धरून ही यायची, आणि माझ्या भिंतीवरचे नाटकांचे फोटो बघत बसायची. "ही तुम्ही? खरंच?" असं तिने इतक्या अविश्वासाने विचारलं होतं की मी त्याच दिवशी तिला जीव लावला.

अकरावीला तिने मराठी सोडून आयटी हा विषय घेतला. मी दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "कुंदाआजी, मराठी मला येते. कंप्युटर येत नाही. जे येत नाही ते शिकायचं ना?" यावर मला संवाद सुचला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेले संवाद म्हटले, त्याचा हा परिणाम.

पण शिकायचं कशावर? कॉलेजच्या लॅबमध्ये वीस कंप्युटर, त्यातले अकरा चालू, आणि मुलं ऐंशी. एका स्क्रीनसमोर सात-सात जण; कीबोर्ड ज्याच्या कोपराला जोर त्याच्याकडे. त्यातही बोर्डाची परीक्षा जवळ आली तशी लॅबला कुलूप लागलं. मशीन बिघडली तर परीक्षेला काय दाखवणार, असं तिथल्या मॅडमचं म्हणणं. मग प्रॅक्टिकल व्हायचं जर्नलमध्ये. उजव्या पानावर निळ्या पेनाने प्रोग्रॅम लिहायचा आणि डाव्या कोऱ्या पानावर, तो चालला असता तर स्क्रीनवर काय दिसलं असतं, त्याचं पेन्सिलने चित्र काढायचं. चौकट, चौकटीत बटण, बटणावर 'सबमिट'. एकदा तिचं बटण वाकडं आलं म्हणून अर्धा गुण गेला.

"मी कोडिंग शिकतेय की चित्रकला?" ती माझ्या जेवणाच्या टेबलावर वही आपटून म्हणाली. "वाट लागलीय नुसती."

मग मी मुलुंडच्या भाच्याला, देवव्रतला फोन केला. त्याचा जुना लॅपटॉप माळ्यावर पडून होता. लॅपटॉप आला, आणि पोरगी बदलली. दुपारी माझ्याकडे बसायची, यूट्यूबवर बघून काहीबाही बनवायची. कोळीवाड्यासाठी भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं एक पान तिने केलं. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा तिने मला हाक मारली आणि आम्ही दोघी एका आकड्याकडे बघत उभ्या राहिलो. "काढलेलं नाहीये हां हे," ती म्हणाली. "खरंच चालतंय."

त्याच सुमारास तिला एका कंपनीची योजना कळली. बारावीच्या मुलांना निवडायचं, प्रशिक्षण द्यायचं, नोकरी द्यायची, सोबत पदवीही करू द्यायची. अट एकच, ऑनलाइन परीक्षा. रविवारी अकराला. मोबाइल चालणार नाही, कॅमेरा असलेला लॅपटॉप हवा. पंधरा मिनिटांहून उशीर झाला की दार बंद, आणि दुसरी संधी नाही. पुढच्या वर्षी बारावीतली नवी मुलं घेणार. कोळीवाड्यात त्या दिवशी शेजारी हळद होती, बँजो वाजणार होता. म्हणून परीक्षा माझ्या घरात द्यायची ठरली. मी घंटीला कापूस लावून ठेवला होता.

लॅपटॉपचा एकच दोष, फार तापायचा. आदल्या आठवड्यात हर्षाली आजीला घेऊन सात बंगल्याला कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या जयवंतकडे गेली. त्याने पंखा साफ केला आणि अंजनाबाईलाच बजावलं, "मावशी, हा तापला की बंद पडतो. थंड ठेवा याला, म्हणजे टिकेल."

आता पुन्हा बाजारात चला.

"लॅपटॉप कुठाय आजी? सगळं घर शोधलं! फोन का उचलत नाहीस?"

"अगो, हात मासळीत हाय माजे, फोन कशी उचलू?" अंजनाबाई हसली. मोठ्या समाधानाचं हसू होतं ते. "घरीच हाय. निल्या पेटीत. पाटे चारला ठेवलाय, खाली बर्फ, वर बर्फ. दोन पिशव्यांत बांधलाय, पानी जायाचा नाय. मना वाटला, आता थंड झाला तर परीक्षेत तापाचा नाय."

हर्षाली एकदम ओरडली, "आजी, तो काय पापलेट आहे का?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. अंजनाबाईही हसणार होती, पण नातीचं तोंड बघून तिचं हसू तिथेच राहिलं.

अंजनाबाईने पन्नास वर्षं एकच विद्या केली. जे नासू नये, ते बर्फात ठेवायचं. पहाटे उठून, आपल्या धंद्यासाठी आणलेल्या बर्फातला निम्मा तिने त्या यंत्राला दिला होता.

हर्षाली घरी धावली, मी माझ्या गुडघ्यांच्या वेगाने माझ्या घरी. दहा चाळीसला ती लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आली. पिशव्यांना भोक नव्हतं, बांधणी चोख होती. पण माझ्या गरम खोलीत तो बाहेर काढला आणि बघता बघता त्याला घाम फुटला. झाकणावर, स्क्रीनवर, अक्षरांच्या मधल्या फटींत बारीक थेंब. ती ओढणीने पुसत होती, ते पुन्हा येत होते.

मी जयवंतला फोन लावला. तो दहिसरला घरी होता. "चालू करू नका! काही झालं तरी चालू करू नका!" हे त्याने सांगितलं तेव्हा तिचं बोट बटणावरून उठलं होतं. स्क्रीन उजळली. कंपनीचं नाव लिहून ठेवलेली तिची पिवळी चिठ्ठी दिसली. मग एक बारीकसा चट् आवाज, आणि काळोख.

दहा पन्नास. मी तिसऱ्या मजल्यावरच्या शौनकचं दार वाजवलं. बिचारा टूथब्रश तोंडात, लॅपटॉप हातात, तसाच खाली आला. पण तो त्याच्या ऑफिसचा. परीक्षेचं सॉफ्टवेअर त्यावर चढेना. दर वेळी परवानगी नाही, परवानगी नाही. "आजी, सॉरी, हे आमच्या आयटीवाल्यांनी लॉक केलंय," तो म्हणाला.

"आयटीवाल्यांनीच," हर्षाली म्हणाली.

देवव्रत मुलुंडहून निघतो म्हणाला. मीच नको म्हटलं, पोचायलाच तासाच्या वर लागला असता. सव्वाअकरा झाले. माझ्या भिंतीवरच्या घड्याळाचा मला इतका राग कधी आला नव्हता. हर्षाली टेबलाशी बसून राहिली, समोर तिने नीट लावून ठेवलेलं ओळखपत्र, कोरा कागद, पाण्याची बाटली.

दुपारी अंजनाबाई आली. उंबऱ्याबाहेरच थांबली. हातात हलवा होता, ज्याचे पैसे मी दिलेच नव्हते. "सुकवू का गो त्याला?" तिने विचारलं. "सावलीत, वाऱ्यावर? बोंबील सुकवतो तसा. मी राखत बसते."

"खारं वारं लागेल त्याला," हर्षाली मान वर न करता म्हणाली.

"थंड नको, ऊन नको, वारा नको. मग जगतो तरी कशावर हा?" अंजनाबाई चिडली, आणि पदर डोळ्यांना लावून निघून गेली.

परीक्षा का देता आली नाही, हे कळवायला कंपनीच्या संकेतस्थळावर एक फॉर्म होता. आजारपण, वीज, इंटरनेट, इतर. 'इतर'च्या पुढे एक ओळ मोकळी. मी खूप वर्षांनी आवेशात आले. म्हटलं, लिही सगळं, आजीचं प्रेम, पहाटेचा बर्फ, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. हर्षालीने मोबाइलवर एवढंच टाइप केलं: लॅपटॉप तापून बंद पडला.

"हे खरं नाही," मी म्हटलं.

"बर्फात ठेवला लिहिलं तर ते ऑफिसात एकमेकांना दाखवून हसतील. माझ्या आजीला हसलेलं मला नाही चालणार."

आठ दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळींचं. आपला अर्ज बंद करण्यात आला आहे. जयवंतनेही लॅपटॉप परत दिला. आतला मदरबोर्ड गेला, म्हणाला, नवा लॅपटॉप घ्या. नातीने आजीला फक्त लॅपटॉपचं सांगितलं, उत्तराचं नाही. अंजनाबाई रोज मला दारात विचारते, "कंपनीवाल्यांचा फोन आला काय हो कुंदाबाय?" आणि मी, जिने पाच-पाचशे प्रयोगांत खोटं रडून दाखवलं, तिला धड एक खोटं सांगू शकत नाही. पिशवी शोधायला आत जाते.

काल दुपारी हर्षाली जर्नल पुरं करायला आली होती. डाव्या पानावर पट्टीने चौकट आखत होती. मला राहवलं नाही. मी तिला आमच्या तालमींचं सांगितलं. शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सरकवायचो, जमिनीवर खडूने रेघा मारायचो, हे दार, हा जिना, ही खिडकी. महिना महिना नसलेल्या जिन्यावरून उतरायचो. मग खऱ्या जिन्यावर पाय कधी चुकला नाही. तुझं हे पान म्हणजे तसंच, पोरी, खडूची रेघ.

तिने सगळं ऐकून घेतलं. बटणाच्या चारही बाजू मोजून पुऱ्या केल्या, आत 'सबमिट' लिहिलं, खोडरबराचा चुरा फुंकला. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"हो कुंदाआजी, पण तालमीनंतर तुम्हाला स्टेज मिळायचं ना?"