खासदारबाईंची टाच

दहा वर्षं शहराच्या महापौर राहिलेल्या बाई खासदार झाल्या, तरी शेजारच्या काकूंचे फोन काही थांबेनात.

“अगं, चार दिवस नळाला टिपूस नाही!”

“काकू, मी आता देशाचे कायदे करते. नव्या महापौरांना सांगा.”

“सांगितलं. ते म्हणतात, व्हॉल्व्हच सापडत नाही. नव्या रस्त्याखाली गाडला गेलाय म्हणे.”

बाईंनी कपाळावर हात मारला. रविवारी गावी आल्या, त्या थेट चौकात. तिथे महापौर आणि इंजिनिअर नकाशात डोकं खुपसून बसले होते. बाई शिंप्याच्या दुकानापासून सात पावलं चालल्या आणि टाच आपटली.

“खणा इथं.”

हातभर खाली व्हॉल्व्ह निघाला. महापौरांचं तोंड एवढंसं झालं.

बघायला आलेल्या काकू म्हणाल्या, “एवढं येतंय, तर गेलीस कशाला तिकडे?”

संसदेत भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या बाई वाकून टाचेची माती झटकू लागल्या.