गार्डाला गार्ड दिसेपर्यंत

चौबे कॉलोनीतल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये सगळ्यांत मोठी मीच होते. बाकीची मुलं-मुली विशीतली, मी चौतीस वर्षांची, एका शाळकरी मुलीची आई. लिपिकाच्या परीक्षेसाठी वयाच्या अटीत जेमतेम बसत होते. एकदा मन लावून करून पाहायचं, असं नवऱ्याचं आणि माझं ठरलं होतं. तो उरल्याच्या कारखाना भागात रोलिंग मिलमध्ये शिफ्टला जायचा. मुलगी शाळेत गेली की मी गुढियारीच्या घरून क्लासला निघायची.

शेकडेवारी जमली, व्याजही जमलं. अडलं ते आगगाड्यांपाशी. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर वेगांची बेरीज, एकाच दिशेने गेल्या तर वजाबाकी, एवढं पाठ होतं. पण अंतर कुठलं घ्यायचं ते काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. कधी मी एकाच गाडीची लांबी घ्यायची, कधी मोठीतून लहान वजा करायची. सर भराभर सूत्रं लिहीत. मुलं मान हलवत, म्हणून मीही हलवायची. शनिवारच्या टेस्टमध्ये त्या प्रकरणाची पाचही गणितं चुकली. सर चांगला माणूस होता. तास संपल्यावर त्याने मला बाजूला बोलावलं आणि हळूच म्हणाला, “दीदी, ये चैप्टर छोड़ दो. बाकी सब आपका अच्छा है.”

घरी आले आणि वटाणे सोलायला ओसरीत बसले. पुस्तक मांडीवरच होतं. मला मोठ्याने वाचायची सवय आहे. दीडशे मीटर लांबीची एक मालगाडी, दोनशे दहा मीटर लांबीची दुसरी, असं मी दोन-तीनदा वाचलं असेल. खाटेवर सासरे पडले होते. ते मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले. दहा वर्षं मी त्या घरात होते, पण आमचं बोलणं म्हणजे मी विचारायचं, “मामाजी, चहा ठेवू?” आणि त्यांनी म्हणायचं, “हव.” त्या दिवशी ते उठून बसले.

“दीडशे मीटरची मालगाडी कुठं पाहिली तुह्या पुस्तकवाल्यानं?” ते म्हणाले. “तितकी तं माही एका वळणावरच राहे.”

मी म्हटलं, गणितासाठी लहान घेतात. त्यांना ते काही पटलं नाही, पण पुढे वाच म्हणाले. मी वाचलं. गाड्या समोरासमोरून येतात, एकीचा वेग ताशी चौपन्न किलोमीटर, दुसरीचा नव्वद, तर एकमेकींना ओलांडायला किती वेळ लागेल. आणि हे मला येत नाही, हेही सांगून टाकलं. कसं कोण जाणे, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

ते खाली उतरले. गुडघ्यांमुळे किती तरी वर्षांत ते जमिनीवर बसले नव्हते. त्यांनी आपली काठी फरशीवर आडवी ठेवली आणि मला लाटणं आणायला सांगितलं. काठी ही त्यांची गाडी, लाटणं समोरून येणारी. काठीच्या मागच्या टोकावर बोट ठेवून ते म्हणाले, “हा मी. गार्ड सगळ्यात मागं. इंजिनाले इंजिन भेटलं, तवा सुरू झालं. मी अजून लांबच हाओ. मंग तिचे डबे जाऊन राहिले, जाऊन राहिले. आखरी तिचा गार्ड मले दिसला, आमी झेंडी दाखवली, की झालं. आता सांग, दोघं मिळून किती सरकलो?”

मी काठीकडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं. दोन्हींची लांबी मिळून. दीडशे आणि दोनशे दहा, तीनशे साठ. वेगांची बेरीज एकशे चव्वेचाळीस, म्हणजे सेकंदाला चाळीस मीटर. नऊ सेकंद. उत्तर पुस्तकाच्या मागे ताडून पाहिलं, बरोबर होतं. मग एकाच दिशेचं करून पाहिलं. लाटणं काठीच्या मागून आणलं. त्याचं तोंड मामाजींच्या बोटाला लागलं तिथून सुरुवात, त्याचं शेपूट काठीच्या पुढे निघालं तिथे शेवट. लांबी तीच तीनशे साठ, पण आता सेकंदाला दहाच मीटर. छत्तीस सेकंद. त्यांना उठवायला मला आणि सासूबाईंना दोन्हीकडून हात द्यावा लागला. सासूबाई विचारत राहिल्या की माझं लाटणं जमिनीवर काहून लोळते.

त्या दिवसापासून रोज दुपारी आमची गणितं चालत. मामाजी सूत्र वगैरे काही विचारत नसत, गाडी कुठली, माल काय, असलं विचारत. मग त्यातूनच गोष्टी निघत. एका गार्डची गोष्ट त्यांनी सांगितली. कित्येक वर्षं तो समोरून येणाऱ्या गाडीवर असायचा, आठवड्यातून एक-दोनदा तरी. हात खूप वर उचलून झेंडी दाखवायचा, तसा दुसरा कोणी दाखवत नसे. त्याचं नाव मामाजींना माहीत नव्हतं, कधी बोलणंही झालं नव्हतं. एका वर्षी तो हात दिसेनासा झाला. बदली झाली की रिटायर झाला, कोणाला विचारायचं तेही त्यांना सुचलं नाही. एवढं सांगून ते म्हणाले, “वाच पुढचं.”

परीक्षेच्या पेपरात आगगाडी आलीच नाही. नाव आली. छत्तीस किलोमीटर अंतर नाव प्रवाहाबरोबर दोन तासांत जाते, प्रवाहाविरुद्ध तीन तासांत, तर प्रवाहाचा वेग किती? क्षणभर हात थांबला. मग वाटलं, पाणीही चालतंच आहे की. जाताना ताशी अठरा, येताना बारा. नावेचे पंधरा, पाण्याचे तीन. पुढच्या प्रश्नाकडे वळले.

काही महिन्यांनी निकाल लागला, यादीत माझा नंबर होता. नवऱ्याने पेढे आणले, सासूबाईंनी अख्ख्या पाऱ्यात, मोहल्ल्यातल्या घरोघरी, वाटले. मामाजींना मी पेढा दिला तेव्हा त्यांनी विचारलं की रेल्वेचे किती सवाल आले होते. एकही नाही, असं मी म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पेढा हातात तसाच राहिला.

“नावेचा आला होता, मामाजी. तसलाच असते तो.”

“नावेचं मले नाही समजत,” ते म्हणाले.

मी त्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले, वहीच्या कोऱ्या पानावर नदी काढली आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. ते चष्मा लावून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं की नदीले पूर आला तं कसं काढाचं. मी म्हटलं, तेही काढता येते, आधी हे होऊ द्या.